चित्राला हात न लावणारे सर

त्यांच्या तासाला बसायचं तर दारातच खोडरबर जमा करावा लागे. दुसरीच्या वर्गाबाहेर ते बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन उभे राहत आणि अडतीस मुलं रांगेनं आपापला खोडरबर त्यात टाकून आत जात. कुणाचा स्ट्रॉबेरीच्या वासाचा, कुणाचा मोटारीच्या आकाराचा. तास संपल्यावर प्रत्येकाला आपलाच परत मिळाला पाहिजे ही जबाबदारी अर्थातच वर्गशिक्षिकेची, म्हणजे माझी. बुधवारचा चौथा तास संपला की मी तो डबा टेबलावर उपडा करून बसे आणि "टीचर, माझ्या खोडरबरला दात लागलेले होते," असल्या तक्रारी निकालात काढी. एकदा न राहवून विचारलं, "सर, खोडलं तर बिघडतं काय?"

"बाई, चुकलेलं खोडून टाकलं तं पुढं काय करायचं ते सुचत नाय. चूक समोर दिसाय पायजे. मंग तिचंच कायतरी करता येतं."

मला हे अजिबात पटलं नाही. आपली चूक कुणाला दिसू नये या धडपडीतच माझं आजवरचं आयुष्य गेलं होतं.

खांदेश्वरला स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमची शाळा. तिथे ते चित्रकला शिकवायचे. वय पंचावन्नच्या पुढे, अंगानं काटकुळे, शर्ट पांढरा पण बाह्या कोपरापर्यंत कुठल्याच एका रंगाच्या नाहीत. ते मूळचे इथले, खाडीकाठच्या गावातले. वडील मिठागरावर राबलेले. आता त्या गावाला चारही बाजूंनी टॉवरनी घेरलंय आणि गावठाणात सरांची स्वतःची चार मजली बिल्डिंग आहे, भाडेकरूंनी भरलेली. पगारावर त्यांचं काही अडत नव्हतं. मुख्याध्यापिका मॅडम ओरडल्या तरी ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहायचे आणि मॅडमचं संपलं की विचारायचे, "जाऊ का? पोरांचे हात सुकले असतील."

आणि मी? मी कराडकडची. नवरा न्हावा शेवा बंदराला, माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात, फ्लॅट भाड्याचा, आणि माझी नोकरी दर जूनला नव्यानं सुरू होणारी. असे चार जून झाले होते. पर्मनंटचं पत्र या वर्षी नक्की, असं मॅडम दर वर्षी म्हणायच्या. तेव्हा मी कायम धास्तावलेली असे. फोन वाजला की वाटे, काढलं; शिपाई वर्गाच्या दारात दिसला की वाटे, काढलं. नवरा म्हणायचा, "अगं, किती टेन्शन घेशील?" जसं काही ते मी बाजारात जाऊन निवडून आणत होते.

त्यात बुधवार. बुधवारी पीटी असते म्हणून मुलं पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये येत, आणि त्याच दिवशी चित्रकला! हे टाइमटेबल कुणी केलं देव जाणे. सर स्कूटरवर पायाशी एक कांद्याची जाळीदार गोणी ठेवून यायचे. पहाटे एपीएमसी मार्केटला चक्कर मारून व्यापाऱ्यांनी बाजूला टाकलेलं काहीबाही त्यात भरून आणायचे. जून झालेली भेंडी, मऊ पडलेले बटाटे, कोबीचे बुडखे, फणसाची पानं, सफरचंदांच्या पेट्यांतले खाचांचे पुठ्ठे. दुकानातलं साहित्य त्यांना आवडत नसे. "इकत आनलेलं फुकट घालवायला पोरं घाबरतात," म्हणायचे.

एका बुधवारी त्यांनी सगळ्या वर्गाला निळ्या रंगात कोपरापर्यंत हात बुडवायला लावले आणि जुन्या चादरीवर खाडी रंगवून घेतली. मी मागच्या बाकावर वह्या तपासत होते. मान वर केली तेव्हा उशीर झाला होता. शाळा सुटायच्या आत वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. "हा रंग जातो का?" "अ‍ॅलर्जी झाली तर?" "टीचर, तुम्ही वर्गात नव्हता का?" हा शेवटचा मेसेज मी किती वेळा वाचला असेन त्याला गणती नाही. दुसऱ्या दिवशी चार आया गेटवर उभ्या. सर आपले स्कूटर लावून सरळ त्यांच्यात गेले आणि म्हणाले, "साबन लावा, जाल. नाय गेला तं ऱ्हाऊ द्या. चार दिस पोर वलकायला येल, आपलीच हाय म्हनून." एक आई हसली, म्हणून बाकीच्याही हसल्या. मी मात्र त्या रात्री ग्रुपवर माफीचा मेसेज टाकला, तीनदा वाचून, शेवटी हात जोडल्याची खूण लावून.

त्यांची आणखी एक तऱ्हा. मुलांच्या चित्राला ते कधी 'छान' म्हणाले नाहीत. वाईटही म्हणाले नाहीत. मूल चित्र घेऊन आलं की एकच विचारायचे, "झालं का?" मूल "हो" म्हणालं की झालं. कागदावर एकच ठिपका असला तरी झालं. मग कागद उलटा करायचा, "ह्यात काय चाललंय?" विचारायचं आणि मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवायचं. चित्राच्या पुढच्या बाजूला त्यांनी बोटसुद्धा लावल्याचं मी पाहिलं नाही. कुणाचा सूर्य कागदाबाहेर गेला, कुणाच्या माणसाला तीन पाय झाले, तरी यांचे हात पाठीमागे बांधलेले.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर हे कळणार नाही. वर्षातून एकदा, संस्थेचे पदाधिकारी येतात तेव्हा, शाळेत मुलांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरतं. आदल्या दिवशी दुपारी शाळा सुटली की सगळ्या टीचर स्टाफरूममध्ये काळे मार्कर घेऊन बसतात. याला 'फिनिशिंग' म्हणतात. वाकड्या रेघा सरळ होतात, रिकाम्या जागा भरतात, कडेनं चमकी लागते. कोणी कोणाला सांगत नाही, कोणी लपवतही नाही. पालकांनाही कळतं, कारण घरून करून आणायचे प्रोजेक्ट तेही स्वतःच करतात, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातून तयार घेतात. मुलांच्या नावानं मोठी माणसं मोठ्या माणसांना चित्रं दाखवतात, आणि सगळे टाळ्या वाजवतात.

त्या वर्षी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. "दुसरीचा बोर्ड दारासमोरच आहे. संस्थेचे साहेब आधी तोच बघणार. तुझं पत्र त्यांच्याच सहीला आहे, लक्षात आहे ना?" लक्षात नसायला काय झालं होतं! तेवढंच तर लक्षात होतं.

सरांनी त्या आठवड्यात भेंडीचे ठसे घेतले होते. भेंडी आडवी कापली की तिचं चकतीसारखं फूल दिसतं, रंगात बुडवून कागदावर दाबलं की छाप उठतो. सोपं काम, दुसरीला जमण्यासारखं. मी त्या तासाला नेमकी ऑफिसात हजेरीपटाचं काम करत होते. गुरुवारी सरांनी अडतीस कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

"लावा बोर्डावर. बाकी काय करू नका."

"सर, थोडंसं फिनिशिंग तरी..."

"बाई, पोरांचा हात हाय तो, छापखाना नाय."

मला राग आला. मी म्हणून गेले, "तुमचं काय जातंय सर? तुमची बिल्डिंग आहे. मला पत्र पाहिजे." मला वाटतं, त्यांना ते खरं वाटलं. मान हलवून निघून गेले.

शुक्रवारी दुपारी मी बसले. भेंडीचं फूल म्हणजे फूलच, त्याला आणखी काय असणार? मी प्रत्येक ठशाला काळी कड काढली, खाली हिरवा देठ, दोन पानं. मॅडमनी बोर्डाला नावही देऊन टाकलं होतं, 'आमची बाग'. सदतीस कागद भराभर झाले. अडतिसावा तनिष्काचा. ही मुलगी वर्षभर वर्गात होती की नव्हती असं वाटावं इतकी गप्प. तिच्या कागदावर डाव्या कोपऱ्यात वर एक ठसा, उजव्या कोपऱ्यात खाली दोन ठसे एकमेकांना चिकटून, आणि मधे सगळं कोरं. नाही म्हणायला बोट पुसल्यासारखा एक फिकट करडा ओरखडा तिरपा गेलेला. इतका रिकामा कागद दारासमोर लावायचा कसा? माझ्या पिशवीत संध्याकाळच्या भाजीची भेंडी होती. दोन कापल्या, लाल आणि पिवळ्या रंगात बुडवल्या आणि मधली जागा भरून काढली. ओरखडा फुलांखाली गेला. खरं सांगते, सुंदर दिसत होतं. भाजीला भेंडी कमी पडली तेव्हा घरी मी काहीतरी थाप मारली.

ती थाप मारायच्या आधी मात्र एक झालं. गोंद लावायला मी गठ्ठा उलटा केला आणि मागचं वाचलं. "ही आत्या. ती रागावलीय." "हा दादा, हे त्याचे मित्र, मला घेत नाहीत." सरांनी ठसा म्हणजे माणूस असं सांगितलं होतं. अडतीस घरांतल्या माणसांना मी देठ काढले होते! आणि तनिष्काच्या कागदामागे होतं, "वर पप्पा. खाली मी आणि मम्मी. मधे रस्ता आहे. पप्पा येतायत."

तिचे वडील न्हावा शेव्याहून कंटेनरचे ट्रेलर चालवायचे. पंधरा पंधरा दिवस घरी नसत, हे मला प्रवेशाच्या फॉर्मवरून माहीत होतं.

साडेपाच वाजले होते. दुसरा कागद नव्हता, मुलगी घरी गेलेली, मॅडम दोनदा डोकावून गेलेल्या. मी त्या वाक्यावर गोंद लावला आणि कागद बोर्डाला चिकटवून टाकला.

शनिवारी पालक आले. बहुतेक मुलांना गंमतच वाटली. "टीचर, माझ्या आत्याला पानं आली!" म्हणून एक पोरगी पोट धरून हसत होती. तनिष्का वडिलांचं बोट धरून आली. रात्रभर गाडी चालवून ते तसेच आले होते, डोळे लाल, शर्टाला डिझेलचा वास. ती बोर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. परत आली. मग मला हळूच म्हणाली, "टीचर, माझं नाही लावलं?"

"लावलंय की. हे बघ, खाली नाव."

तिनं नाव वाचलं. चित्र पाहिलं. काही बोलायच्या आत मागून साहेब, मॅडम आणि चारपाच मंडळी येऊन ठेपली. साहेबांचं बोट नेमकं त्याच कागदावर गेलं. "वा! हे कुणाचं? तू काढलंस, बाळा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या दोन सेकंदांत मला माझं पत्र दिसत होतं, दुसरं काहीच नाही. ती "नाही" म्हणाली तर? मी होकाराची मान हलवली. अगदी किंचित, पण हलवली. मुलांना टीचरची मान बरोबर कळते.

"हो," ती म्हणाली.

"काय काढलंय?"

"फुलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या वडिलांनी मोबाइल काढून त्या चित्राचा फोटो घेतला, मग तिला चित्राशेजारी उभं करून दुसरा. सर खांबापाशी हात मागे बांधून उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

सोमवारी ते बोलले नाहीत. मंगळवारी मीच त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"सर, काहीतरी बोला ना."

"मी काय बोलू? मी तं तिचं चित्र बघितलेलं हाय. मना नका सांगू. तिला सांगा."

"सांगेन. पत्र येऊ दे. ती घरी बोलली, ग्रुपवर गेलं, मॅडमना कळलं, तर चार वर्षं पाण्यात जातील सर."

"कदी येल पत्र?"

"महिनाअखेर म्हणतात."

त्यांनी जरा विचार केला. "म्हंजी पंदरा दिस. आनि तवर ती काय करल?"

याचं उत्तर मला बुधवारी मिळालं. त्या दिवशी सरांनी फणसाची पानं कागदाखाली ठेवून वरून खडू घासायला दिले होते. सगळा वर्ग घासत होता. तनिष्का हाताची घडी घालून बसली होती. अर्ध्या तासानं ती उठली आणि सरांना वळसा घालून कोरा कागद घेऊन माझ्याकडे आली.

"टीचर, तुम्हीच काढा ना. तुम्ही काढलं की छान होतं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला काम कसं चालतं ते समजलं होतं, एवढंच. सर समोरच होते. ते दुसऱ्या मुलाच्या कागदावर वाकले, मुद्दाम, मला कळावं इतकं मुद्दाम. मला तेव्हा त्या माणसाची चीड आली. एक शब्द बोलून ते मला सोडवू शकले असते, पण ते माझ्याही चित्राला हात लावणार नव्हते.

पत्राचं काय झालं ते सांगून टाकते. ते आलं, महिनाभर उशिरा आलं, आणि आज मी पर्मनंट आहे. सर आता शाळेत नाहीत. संस्थेनं चित्रकलेसाठी तयार किट आणले, सगळे तुकडे आधीच कापलेले, फक्त चिकटवायचे. सरांनी एक किट उघडून पाहिलं, बंद केलं आणि राजीनामा दिला. पण त्या बुधवारी यातलं काही मला ठाऊक नव्हतं. माझ्यासमोर होता फक्त कोरा कागद.

"तनिष्का," मी म्हटलं, "ते चित्र मी बिघडवलं. तिथे रस्ता होता ना? मला कळलं नाही. मग कळलं, तरी मी तसंच लावलं. चूक माझी आहे."

तिला आनंद झाला असेल, निदान हायसं वाटलं असेल, असं मला वाटत होतं. पण तिचा चेहरा रडवेला झाला.

"मग पप्पांना कोण सांगणार? त्यांनी फोटो सगळ्या ड्रायव्हर काकांना पाठवला."

जिची मला सगळ्यात जास्त भीती होती तीच गोष्ट तिनं सरळ पुढ्यात आणून ठेवली. मी सरांकडे पाहिलं. ते अजून वाकलेलेच होते.

"मी सांगते," मी म्हटलं.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून मी फॉर्मवरचा तिच्या वडिलांचा नंबर लावला. सर कोपऱ्यातल्या नळाशी हात धूत होते, नखांतला रंग एका काडीनं काढत. फोनवर तिकडे हॉर्न वाजत होते, पोर्टच्या रांगेत असावेत. शाळेचा फोन म्हटल्यावर ते आधी घाबरलेच. "पोरगी बरी हाय ना मॅडम?" बरी आहे म्हटलं. मग मी सगळं सांगितलं, न थांबता, थांबले असते तर पुढे गेलेच नसते. फुलं माझी. तिचे फक्त तीन ठसे. डावीकडे वर एक, उजवीकडे खाली दोन, मधे रस्ता. साहेबांसमोर ती खोटं बोलली तेही माझ्यामुळे.

मी डोळे मिटले. आता ते मॅडमचा नंबर मागणार, ग्रुपवर लिहिणार, माझी चारही वर्षं गेली.

"मॅडम," ते म्हणाले, "मंजे त्या चित्रात मी हुतो?"

"हो."

"आन मी त्यातला फुलांचाच फोटो लावून हिंडतोय." मग विचारलं, "मी कुठं हुतो म्हनला? जाताना, का येताना?"

"येताना," मी म्हटलं.

सरांनी नळ बंद केला.